मोटारसायकलमध्ये डिझेल इंजिनाचे ऑइल घालण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांत आणि खुद्द नाशिक शहरात द्वारका, आडगाव नाका, अंबड अशा भागांतील लहान गॅरेजांत एक पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणाला शंकाही येत नाही. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचे ऑइल बदलले की डब्यात लिटर-दोन लिटर उरते आणि ते घरच्या मोटारसायकलमध्ये जाते. शहरात हेच वेगळ्या कारणाने घडते. ट्रक-टेम्पोची कामे करणाऱ्या गॅरेजात मोठा डबा उघडा असतोच. त्यातून मापाने पाऊण-एक लिटर काढून दिले की ग्राहकाचे पैसे वाचतात आणि मेकॅनिकला मोटारसायकलसाठी निराळी बाटली ठेवावी लागत नाही. ‘डिझेलचे ऑइल दणकट असते, इंजिन गार राहते’ हे वाक्य त्यासोबत ठरलेले असते. याउलट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे तर ‘डिझेलचे ऑइल टाकलेत की क्लच गेलाच म्हणून समजा’ असे ऐकायला मिळते. माझी सारी नोकरी मोटार मेकॅनिक व्यवसायाचे प्रशिक्षण देण्यात गेली आणि ही दोन्ही विधाने मी विद्यार्थ्यांच्या तोंडून सतत ऐकत आलो. दोन्ही अर्धवट आहेत. सातपूर-अंबडच्या पाळीला रोज मोटारसायकलवर जाणारा कामगार आणि शेतमाल घेऊन बाजार समितीकडे निघणारा शेतकरी या अर्धवट माहितीची किंमत मोजतात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

ट्रॅक्टर, ट्रक किंवा मोटार यांच्या इंजिनातले ऑइल फक्त इंजिनाचे असते. त्यांच्या गिअरबॉक्सला वेगळे ऑइल लागते आणि क्लच बहुधा कोरडा असतो. मोटारसायकलचे तसे नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सर्व गिअरच्या मोटारसायकलींत क्रँकशाफ्ट, पिस्टन, गिअर आणि क्लच या सर्वांना एकच ऑइल पुरते. क्लचच्या घर्षणपट्ट्या आणि त्यांच्यामधल्या पोलादी चकत्या या ऑइलात सतत भिजलेल्या असतात. क्लचची मूठ सोडल्यावर स्प्रिंगच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. म्हणजे एकाच ऑइलाने पिस्टन आणि बेअरिंगजवळ घर्षण कमी करायचे, क्लचजवळ मात्र ते टिकवायचे, आणि शिवाय गिअरच्या दातांमध्ये चिरडले जाऊनही आपला दाटपणा सोडायचा नाही. मोटारसायकलचे ऑइल वेगळे का असते, याचे उत्तर या तिहेरी कामात आहे. ते केवळ कंपन्यांच्या विक्रीच्या युक्तीत शोधू नये.

आपल्याकडच्या जुन्या बुलेटमुळे या बाबतीत मोठा गैरसमज झाला आहे. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची चेनकेस यांचे कप्पे वेगळे होते. इंजिनात कोणतेही ऑइल घातले तरी ते क्लचपर्यंत पोहोचतच नसे, त्यामुळे ट्रकचे ऑइल घालूनही त्या गाड्या तक्रारीविना धावल्या. त्यातच एनफिल्डची डिझेलवर चालणारी बुलेटही आपल्या खेड्यापाड्यांत होती. त्या अनुभवावर बोलणारे ज्येष्ठ मेकॅनिक खोटे बोलत नाहीत. मात्र २००९-१०च्या सुमारास बुलेटचेही इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र झाले, आणि तेव्हापासून तो जुना अनुभव नव्या बुलेटलाही लागू पडत नाही, मग स्प्लेंडर किंवा पल्सरची गोष्टच सोडा.

आता क्लच घसरण्याच्या भीतीकडे वळतो. अमेरिकेतील एपीआय या संस्थेच्या वर्गवारीत पेट्रोल इंजिनाच्या ऑइलाला ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे असतात, उदाहरणार्थ एसएल, एसएन, एसपी, तर डिझेल इंजिनाच्या ऑइलाला ‘सी’ने सुरू होणारी, जसे सीएच-४, सीआय-४, सीके-४. मोटारींचे इंधन वाचावे म्हणून पेट्रोल मोटारींच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी खास रसायने घालण्याची पद्धत वाढत गेली. मोलिब्डेनमची काही संयुगे त्यांतलीच. मोटारीला ती उपकारक आहेत, पण मोटारसायकलच्या ओल्या क्लचला तीच घातक ठरू शकतात: क्लच पूर्ण सोडलेला असतानाही चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र पुढे ओढत नाही. त्याच काळात सायलेन्सरमधील धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी मोटारींच्या ऑइलातील फॉस्फरस कमी करण्यात आला. झिजेपासून संरक्षण देणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचे, म्हणजे झेडडीडीपीचे, प्रमाण त्यामुळे आपोआप घटले. मोटारीच्या ऑइलावर मोटारसायकल चालवण्याचे दिवस अशा रीतीने संपले आणि जपानने १९९८ मध्ये चारस्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलासाठी जासो (जपानमधील वाहन-मानके ठरवणारी संस्था) टी ९०३ हे स्वतंत्र मानक आणले. प्रत्यक्ष क्लचच्या चकत्या ऑइलात बुडवून घसरतानाचे घर्षण किती, धरून ठेवण्याचे घर्षण किती आणि थांबायला वेळ किती लागतो, हे त्यात मोजले जाते. जास्त घर्षण राखणाऱ्या ऑइलाला एमए आणि कमी घर्षणाच्या ऑइलाला एमबी अशी खूण मिळते. एमएमध्येच पुढे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटभाग झाले. त्यांत एमए२चे घर्षण अधिक.

या इतिहासातून एक गोष्ट निघते, जी सर्व्हिस सेंटरवाले सांगत नाहीत. क्लच घसरवणारी रसायने प्रामुख्याने पेट्रोल मोटारींच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलांत असतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या नेहमीच्या १५डब्ल्यू-४० (हे आकडे दाटपणाचे, त्यांचा अर्थ पुढे येईल) ऑइलात ती सहसा नसतात, आणि झिजेपासून वाचवणारे जस्त-फॉस्फरस मात्र त्यात भरपूर असते. त्यामुळे डिझेलचे ऑइल घातलेल्या मोटारसायकलचा क्लच बहुतेक वेळा घसरत नाही. म्हणूनच गॅरेजवाल्यांचा त्यावर विश्वास बसला, आणि तो अगदीच निराधार नाही. घरच्या मोटारीचे उरलेले ५डब्ल्यू-३० ऑइल मोटारसायकलमध्ये ओतणारा माणूस क्लचच्या दृष्टीने याहून मोठा धोका पत्करत असतो. त्याच्याविषयी मात्र कोणी काही बोलत नाही.

अमेरिकेत तर हेवी ड्यूटी डिझेल ऑइल मोटारसायकलमध्ये वापरणारा मोठा वर्ग आहे. त्यांचे आवडते ऑइल म्हणजे शेलचे रोटेला. त्यांचा दाखला आपल्याकडे कोणी दिला तर एक गोष्ट लक्षात घ्यावी, की त्या ऑइलाच्या काही प्रकारांवर डिझेलच्या दर्जाबरोबर जासो एमए आणि एमए२ यांचाही उल्लेख असतो. डिझेलचे ऑइल असूनही ते ओल्या क्लचसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने स्वतः लिहून दिलेले असते. आपल्याकडच्या उघड्या डब्यातून मापाने काढून दिलेल्या ऑइलाबाबत अशी जबाबदारी कोणीही घेतलेली नसते.

मग क्लच घसरत नसेल तर हरकत कशाला, असे विचारले जाईल. हरकत आहे, आणि ती हळूहळू दिसणारी असल्यामुळे नजरेतून सुटते.

डिझेल इंजिनात काजळी फार होते. ती ऑइलात तरंगती ठेवण्यासाठी आणि आम्ल मारण्यासाठी डिझेलच्या ऑइलात कॅल्शियम, मॅग्नेशियमयुक्त धुलाईची रसायने मोठ्या प्रमाणावर घालतात. पेट्रोलच्या लहान इंजिनात तेवढी काजळी नसतेच. ऑइल थोडे थोडे जळते तेव्हा या रसायनांची राख पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर आणि प्लगच्या टोकावर साचते. ऑइल पिणाऱ्या जुन्या गाडीत हे अधिक वेगाने होते, आणि स्वस्त ऑइलाचा मोह नेमका जुन्या गाडीच्या मालकालाच अधिक पडतो. जासोच्या मानकात मोटारसायकलच्या ऑइलातील सल्फेटेड राख १.२ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही आणि फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के या मर्यादेत लागतो. सीआय-४ दर्जाच्या काही ऑइलांत राख यापेक्षा जास्त असते. नव्या सीके-४ दर्जात राखेला १ टक्क्याची आणि फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांची मर्यादा आहे. या दोन बाबतींत ते मोटारसायकलच्या मानकाला बाधक नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १ एप्रिल २०२०पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील कन्व्हर्टरवर अधिक भार आला आहे, आणि फॉस्फरसचा थर बसून तो निकामी होत गेला तर मालकाला ते पीयूसीच्या वेळी किंवा मोठ्या बिलातूनच कळते.

दुसरा मुद्दा दाटपणाचा. ‘४० म्हणजे ३०पेक्षा चांगले’ ही समजूत मला वर्गात सर्वांत जास्त वेळा खोडून काढावी लागली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते याचा. त्या तापमानाला ३० क्रमांकाच्या ऑइलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४०ची १२.५ ते १६.३ आणि ५०ची १६.३ ते २१.९ अशी ठरलेली आहे. बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद आणि इंजिन गार ठेवण्याची व्यवस्था यांचा मेळ घालून कंपनी आकडा निवडते. स्प्लेंडरसारख्या गाडीला १०डब्ल्यू-३०, जुन्या पल्सरला २०डब्ल्यू-५० आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५० सांगितले आहे. ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० यांपैकी एकाही गाडीच्या आकड्याशी जुळत नाही. लहान गाडीत ते गरजेपेक्षा दाट पडते, इंजिनाला ते ढवळण्यात ताकद घालवावी लागते आणि ॲव्हरेज थोडे उतरते, म्हणजे डब्यावर वाचवलेले पैसे पेट्रोल पंपावर जातात. बुलेटमध्ये तेच उलट पातळ पडते. निफाडच्या थंडीचे कारण मात्र कोणी पुढे करू नये. तिथे पारा एक आकडी झाला तरी १५डब्ल्यू ऑइल त्याहून कितीतरी कडक थंडीसाठी तपासलेले असते, त्यामुळे गाडी सकाळी सुरू न होण्याचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही.

तिसरा मुद्दा ऑइल बदलण्याच्या अंतराचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. ट्रकचे ऑइल दहा-दहा हजार किलोमीटर आणि त्याहूनही अधिक चालते, म्हणून ते मोटारसायकलमध्येही तेवढे चालेल, असा हिशेब लोक करतात. ट्रकच्या इंजिनात ऑइल कितीतरी लिटर असते आणि ते इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास शांतपणे फिरते. मोटारसायकलमध्ये जेमतेम लिटरभर किंवा त्याहून कमी ऑइल असते, इंजिन सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाते, बहुतेक गाड्यांना हवेनेच गार व्हावे लागते, आणि दाटपणा टिकवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअरच्या दातांत सापडून तुटत राहतात. ४० क्रमांकाचे ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ४०चे उरेलच असे नाही. क्लचच्या पट्ट्यांचा झिजलेला चुराही त्याच ऑइलात मिसळत असतो. द्वारका ते सातपूर या रस्त्यावर सिग्नलला अर्धा क्लच धरून रांगेत सरकणाऱ्या गाडीचे ऑइल महामार्गावरच्या ट्रकच्या ऑइलासारखे टिकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कोणतेही ऑइल घाला, बदलण्याचे अंतर मोटारसायकलच्या पुस्तिकेतलेच पाळावे लागते. वणीमार्गे सापुताऱ्याला किंवा कसाऱ्याच्या घाटात दोघांना घेऊन वारंवार जाणाऱ्याने ते त्याहून थोडे आधीच बदलावे.

डब्यावरील अक्षरांविषयी एक सावधगिरी सांगणे अत्यावश्यक आहे. डिझेलच्या अनेक डब्यांवरही जासो असे छापलेले असते, पण त्यापुढे डीएच-१ किंवा डीएच-२ असते. ते जपानचे डिझेल इंजिनाचे मानक आहे आणि त्याचा मोटारसायकलच्या क्लचशी काहीही संबंध नाही. काही विक्रेते, बहुधा अजाणतेपणाने, ‘यावरही जासो आहेच’ असे सांगून तो डबा देतात. आपल्याला एमए किंवा एमए२ ही अक्षरे दिसली पाहिजेत. काही डब्यांवर सीआय-४/एसएल असा जोड दर्जा असतो. त्यात आधी लिहिलेला दर्जा हा ऑइलाचा मुख्य उपयोग सांगतो. पेट्रोल इंजिनाला ते चालते एवढाच त्या दुसऱ्या अक्षरांचा अर्थ, क्लचविषयी त्यात अवाक्षर नाही. स्कूटरचे गणित निराळे आहे. ॲक्टिव्हासारख्या गाडीचा क्लच कोरडा आणि ऑइलाच्या बाहेर असल्यामुळे तिला एमबी दर्जाचे ऑइल दिले जाते. तेच ऑइल घरातल्या मोटारसायकलला वापरू नये.

ट्रॅक्टर असलेल्या घरांसाठी आणखी एक. शेडमध्ये बहुधा दोन डबे शेजारी असतात, एक इंजिनाच्या ऑइलाचा आणि दुसरा हायड्रॉलिक व गिअरच्या ऑइलाचा. दुसऱ्या डब्यातले ऑइल कोणत्याही इंजिनात जाता कामा नये. इंजिनातील उष्णता आणि ज्वलनातील घाण झेलण्यासाठी ते बनवलेलेच नसते. डब्यांवरील कागद फाटलेला असेल तर अंदाजाने ओतण्यापेक्षा ते ऑइल बाजूला ठेवावे.

नाशिकच्या माणसाला डिझेलचा विश्वास वाटतो, याचे कारण मला समजते. ज्या शहरातल्या चौकाला मायको कंपनीच्या नावावरून मायको सर्कल म्हणतात, जिथल्या तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर घडले आणि हजारो घरे त्या कामावर उभी राहिली, तिथे डिझेलशी जोडलेली प्रत्येक गोष्ट मजबूत मानली जाणे स्वाभाविक आहे. पण त्याच कारखान्यांत काम केलेल्या माणसाला हेही ठाऊक असते, की नोझल कितीही उत्तम असला तरी तो ज्या इंजिनासाठी घडवला आहे त्यातच बसवायचा असतो. ऑइलाचे तसेच आहे. सीआय-४ हे वाईट ऑइल नाही. ट्रॅक्टरसाठी ते उत्तमच आहे. मोटारसायकलच्या क्लचवर ते तपासलेले नाही, हा आक्षेप आहे.

पैशांचा मुद्दा मी हलका मानत नाही. महिन्याच्या पगारात गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि मुलांची फी भागवणाऱ्याला ऑइलातले शंभर रुपयेही मोठे असतात. पण एमए किंवा एमए२ खूण असलेले साधे मिनरल ऑइल बाजारात सहज मिळते आणि महागडे सिंथेटिक घेण्याची शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला गरज नसते. सर्व्हिस सेंटरने सिंथेटिकचा आग्रह धरला तर पुस्तिका उघडून तिथे काय लिहिले आहे ते दाखवावे. वॉरंटीतील गाडीत मात्र पुस्तिकेतल्या दर्जाचेच ऑइल घालावे आणि त्याचे बिल जपून ठेवावे, कारण इंजिनाचा दावा फेटाळला जाण्यासाठी चुकीचे ऑइल हे आयते कारण ठरते.

सुट्ट्या ऑइलाबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. डिझेलचे असो की पेट्रोलचे, उघड्या डब्यातून मापाने मिळणाऱ्या ऑइलाचा दर्जा, वय आणि मूळ ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. पावसाळ्यात उघड्या डब्यात ओलावा जातो, गॅरेजातली धूळ जाते, आणि वापरलेले ऑइल गाळून पुन्हा विकले गेले तरी डोळ्यांना फरक दिसेलच असे नाही. मेकॅनिकने ग्राहकासमोर सीलबंद बाटली फोडावी, त्याला अक्षरे वाचू द्यावीत आणि रिकामी बाटली त्याच्या हाती द्यावी. चांगले मेकॅनिक आजही हे करतात. ऑइल कंपन्यांनी बाटलीवर निदान ‘ओल्या क्लचच्या मोटारसायकलसाठी योग्य’ एवढे एक वाक्य ठळक मराठीत छापावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. कीटकनाशकांच्या डब्यांसोबत मराठीतून माहिती देता येते, तर ऑइलाच्या बाटलीवर ती देण्यात अडचण नसावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही मोटार मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकात वेगवेगळ्या दर्जांचे डबे विद्यार्थ्यांसमोर ठेवून ही अक्षरे वाचायला शिकवावीत; पुस्तकातला तक्ता पाठ करून हे अंगवळणी पडत नाही.

ज्यांच्या गाडीत सध्या ट्रॅक्टरचे किंवा ट्रकचे ऑइल आहे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. इंजिन त्याने लगेच बसत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, असे होते का ते पाहावे. तसे होत असेल तर ऑइल तातडीने बदलावे आणि त्यानंतरही फरक पडला नाही तर क्लच प्लेट तपासून घ्याव्यात. तसे होत नसेल तर पुढच्या बदलाची तारीख थोडी अलीकडे आणावी, इंजिन कोमट असताना ड्रेन नट उघडून गाडी सरळ उभी ठेवून ऑइल पूर्ण निथळू द्यावे, गाळणी स्वच्छ करावी, वेगळा फिल्टर असेल तर तो बदलावा आणि मगच योग्य दर्जाचे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने भरावे. जुने ऑइल धुऊन काढण्यासाठी इंजिनात रॉकेल किंवा डिझेल घालून ते चालू करण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती कटाक्षाने टाळावी. तळाशी उरलेले ते पातळ द्रव नव्या ऑइलाचा दाटपणा पहिल्या दिवसापासून कमी करते आणि क्रँकच्या बेअरिंगला त्याचा थेट त्रास होतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (मोटार मेकॅनिक)
इंदिरानगर, नाशिक